गरोदरपणातील दारू आणि बाळाचा मेंदू: हा प्रश्न आपल्याकडे आहे का?

आपण विचारले आहे की, गरोदरपणी आईने दारू घेतल्यामुळे बाळाला होणाऱ्या विकारांविषयी परदेशात एवढे इशारे आणि मोहिमा दिसतात, मग आपल्याकडे हा प्रश्नच नाही, की त्याच्याकडे कोणी पाहत नाही? मी नागपूरच्या वस्त्यांमध्ये आणि शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर बावीस वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम केले आहे, आणि त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की हा प्रश्न आपल्याकडे आहे, पण आपण बायकांना त्याविषयी विचारत नाही म्हणून तो दिसत नाही.

आधी आजाराविषयी थोडे सांगते. आईच्या रक्तातील मद्य वारेतून थेट बाळाच्या रक्तात जाते, आणि ते निकामी करण्याइतके बाळाचे यकृत तयार झालेले नसते. चेहरा, हृदय, हाडे यांची घडण पहिल्या तीन महिन्यांत होते, मेंदूची मात्र पूर्ण नऊ महिने चालू असते. त्यामुळे 'आता चौथा महिना लागला, आता थोडी चालते' ही समजूत चुकीची आहे. फ्रान्समध्ये लेमोइन या डॉक्टरांनी 1968 मध्ये अशा 127 मुलांची नोंद प्रसिद्ध केली होती, तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. 1973 मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी या लक्षणसमूहाला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिले. डोळ्यांची फट लहान, नाक आणि वरचा ओठ यांमधली खाच सपाट, वरचा ओठ पातळ, वजन आणि उंची कमी, ही त्याची ओळख. परंतु असा चेहरा थोड्याच मुलांचा असतो. बहुतेकांचा चेहरा सर्वसाधारण असतो आणि इजा फक्त मेंदूला झालेली असते, म्हणून आता या सगळ्यांना मिळून 'फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर', म्हणजे एफएएसडी, म्हणतात. गरोदरपणात किती दारू सुरक्षित आहे, याचे कोणतेही प्रमाण आजवर ठरवता आलेले नाही.

परदेशातील प्रयत्नांचा आपण उल्लेख केला आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याने, 1981 मध्ये गरोदर स्त्रियांना दारू टाळण्याचा सल्ला दिला, 1988 मध्ये कायदा झाला आणि पुढच्या वर्षापासून बाटल्यांवर तसा इशारा छापणे सक्तीचे झाले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 2023 पासून गरोदर स्त्रीचे चिन्ह आणि इशारा बाटलीवर बंधनकारक आहे. आपल्याकडे बाटलीवर मद्यसेवन आरोग्याला हानिकारक असल्याचा आणि पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा असतो, गर्भाविषयी वेगळे काही नसते. ते असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मी ज्या बायकांमध्ये काम केले, त्यांच्या हाती बाटली क्वचितच येत होती. हातभट्टीची दारू पन्नीत मिळते, मोहाची घरीच गाळली जाते, आणि त्यांवर काहीही छापलेले नसते.

आकड्यांकडे पाहिले तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी 1.3 टक्के दारू घेतात आणि महाराष्ट्रात हे प्रमाण 0.4 टक्के आहे. हा आकडा वाचून आमचे वरिष्ठ निश्चिंत होत असत. परंतु ही संपूर्ण राज्याची सरासरी आहे. आदिवासी समाजातील स्त्रियांमध्ये प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते, आणि जिथे पिणाऱ्या बाईला नावे ठेवली जातात तिथे ती सर्वेक्षण करणाऱ्या अनोळखी माणसाला खरे सांगेलच असे नाही. हे लिहिताना एक काळजी घ्यावीशी वाटते. मोह हा आपल्या पूर्व विदर्भात अन्न आहे, पूजेचा भाग आहे, उन्हाळ्यातला रोजगार आहे, म्हणून या विषयावरून कोणत्याही समाजाकडे बोट दाखवणे मला मान्य नाही. शहरातल्या मेजवान्यांमध्ये बिअर किंवा वाइन घेणाऱ्या आणि दोन महिने होऊनही गर्भ राहिल्याचे लक्षात न आलेल्या सुशिक्षित मुलीही मी पाहिल्या आहेत.

'विचारत नाही' असे जे मी वर म्हटले, ते स्वतःबद्दलही म्हटले आहे. मी ज्या एका केंद्रात होते, तिथल्या नोंदवहीत व्यसनाचा एक रकाना होता. ओपीडीला गर्दी असली की तो रकाना मी बाई आत येण्यापूर्वीच 'नाही' असा भरून ठेवत असे, सगळेच ठेवत. कित्येक वर्षे ते चालले. पुढे एका वीटभट्टीवर पाचव्या महिन्यातील एक बाई तपासताना मी सहज विचारले, "दारू वगैरे घेता का?" ती म्हणाली, "नाही जी सिस्टर, दारू नाही पीत मी." तिचे हात मातीने कोपरापर्यंत माखलेले होते आणि दिवसभर विटा वाहून तिची कंबर धरली होती. मी म्हटले, "मग अंग दुखते तेव्हा काय करता?" तर ती लगेच म्हणाली, "तेव्हा मोहाची घेतो ना थोडीशी, रोज संध्याकाळी. ते तर औषधी हाय." ती खोटे बोलली नव्हती. तिच्या लेखी दारू म्हणजे नवरा दुकानातून आणतो ती, आणि मोहाची म्हणजे अंगदुखीचे औषध. माझा प्रश्नच चुकीच्या शब्दांत होता.

म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने पहिले काम, माझ्या मते, प्रश्न नीट विचारण्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितले आहे की प्रत्येक गरोदर स्त्रीला, शक्य तितक्या लवकर आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी, दारू व इतर नशेविषयी विचारावे आणि जी घेत असेल तिला तिथेच थोडक्यात समुपदेशन द्यावे. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण फक्त संशय येईल तिलाच विचारले तर तो प्रश्न आरोप होतो. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते, आशाताई घरोघरी जातातच. विचारताना सासू आणि नवरा बाहेर असावेत. समजावून सांगताना मात्र नवरा सोबत असावा, कारण तो रोज संध्याकाळी पिणारा असेल तर बाईला एकटीने सोडणे फार जड जाते.

बाई रोज आणि भरपूर पिणारी असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर मात्र 'आजपासून बंद' असे फर्मान देऊ नये. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात आणि त्याचा धोका आई व बाळ दोघांनाही असतो. अशा बाईला दवाखान्यात भरती करून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावे लागते. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. दारूबंदीविषयीही अनेक जण विचारतात. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, चंद्रपुरात ती 2015 ते 2021 होती, आणि तिच्यामागे बायकांचा मोठा लढा होता, त्याचा मला आदर आहे. पण जी गरोदर बाई स्वतःच दारूवर अवलंबून आहे, ती बंदीच्या भीतीने आमच्यापासून अधिकच लपते, आणि तिच्यासाठी उपचाराची वाट वेगळी खुली ठेवावीच लागते.

जन्मलेल्या मुलांचे काय, हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. एका वस्तीतला आठ वर्षांचा मुलगा मला आठवतो. आई त्याच्याकडून रात्री तीनचा पाढा पाठ करून घेई, तो घडाघडा म्हणे, आणि सकाळी शाळेत त्याला 'तीन दुणे' च्या पुढे एक अक्षर आठवत नसे. शिक्षकांनी त्याला आळशी ठरवले होते, घरी त्यासाठी मार बसत होता. मेंदूला झालेली इजा भरून येत नाही हे खरे, परंतु लवकर निदान झाले आणि घरात मारझोड नसली तर पुढचे बरेच नुकसान टळते. सूचना एका वेळी एकच द्यावी, दिनक्रम रोज सारखा ठेवावा, शिकवलेले पुन्हा पुन्हा घ्यावे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या 21 प्रकारांत एफएएसडीचे वेगळे नाव नाही, मात्र बौद्धिक दिव्यांगत्व किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता सिद्ध झाल्यास प्रमाणपत्र मिळू शकते. या मुलाच्या आईने पहिल्यांदा आपल्या पिण्याबद्दल सांगितले, तेव्हा ती रडत होती. तिला दोष देऊन काहीच साधले नसते, उलट तपासणीच्या खोलीतून ती परत गेली असती.

हे वाचणाऱ्या कोणी गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वी दारू घेतली असेल, तर केवळ तेवढ्या कारणाने गर्भपाताची घाई करू नये. डॉक्टरांना खरे सांगावे आणि पुढे अजिबात घेऊ नये; ज्या दिवशी थांबाल त्या दिवसापासून बाळाला फायदाच होतो. बाळंतपणानंतर थंडी लागू नये म्हणून बाळंतिणीला किंवा खुद्द बाळाला ब्रँडी चाटवण्याची पद्धत काही घरांत आहे, तीही बंद करावी.

वीटभट्टीवरच्या त्या बाईची कंबर शेक देऊन आणि तिच्या मुकादमाशी बोलून ओझे कमी करून घेतल्यावर पुष्कळ सुधारली, आणि तिची संध्याकाळची मोहाची सुटली. भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाआधी संपतो, त्यामुळे प्रसूतीपूर्वीच ती गावी परतली. जाताना तिच्या कार्डाच्या मागच्या बाजूला मी मोठ्या अक्षरांत सगळे लिहून दिले आणि तिच्या गावच्या आशाताईंचा नंबर मिळवून त्यांनाही फोन केला, कारण पुढची तपासणी करणाऱ्या ताईंनीही तिला विचारताना 'दारू' हा शब्द वापरला असता, तर तिने पुन्हा 'नाही जी' असेच सांगितले असते.