शेजारचे वायफाय उघडे असले तरी

प्रश्न : आम्ही पेडणे तालुक्यातील एका गावात राहतो. शेजारचे जुने घर बाहेरगावच्या एका गृहस्थांनी भाड्याने घेतले असून त्यांच्या वायफायला पासवर्ड नाही. आमच्या वाड्यावर मोबाइलची रेंज धड मिळत नाही, म्हणून बारावीतील माझी मुलगी ते वायफाय वापरून अभ्यासाचे व्हिडिओ पाहते. ‘रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात वाचले तर ती चोरी होते का?’ असे ती विचारते. मी तिला काय सांगावे? – एक पालक

उत्तर : रस्त्यावरचा दिवा सर्वांसाठी, सर्वांच्या पैशाने लावलेला असतो आणि त्याखाली कोणी वाचले म्हणून उजेड कमी होत नाही. शेजाऱ्यांच्या जोडणीचे पैसे ते स्वतः भरतात आणि अनेक योजनांत ठरलेला डेटा संपला की वेग उतरतो. मला मात्र याहून गंभीर वाटते ती नावाची बाब. तुमची मुलगी इंटरनेटवर जे काही करते ते त्यांच्या जोडणीच्या पत्त्यावरून बाहेर जाते आणि कंपनीच्या नोंदीत ग्राहक म्हणून त्यांचेच नाव असते. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या असुरक्षित वायफायवरून पाठवला गेला होता आणि तपास यंत्रणा साहजिकच आधी त्याच्या दारात पोहोचली. तुमची मुलगी तसले काही करणार नाही, हे मी जाणतो. परंतु आपल्या नावावर काय चालले आहे हे ठाऊक असण्याचा शेजाऱ्यांचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याच्या कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणकात किंवा नेटवर्कमध्ये प्रवेश करण्यास मनाई आहे. असे कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम 66 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याचा धाक घालून तिला गप्प करावे, असे मात्र मी म्हणणार नाही.

परवानगी गृहीत धरता येते का, हे फोनवर दिसणाऱ्या नेटवर्कच्या नावावरूनही थोडेफार उमगते. कॅफेवाला स्वतःचे नाव देतो, भिंतीवर लिहून ठेवतो. शेजारच्या नेटवर्कला राउटरच्या कंपनीचे नाव आणि पुढे चार आकडे एवढेच असतील, तर त्या गृहस्थांनी खोक्यातून काढल्यापासून सेटिंगला बहुधा हातच लावलेला नाही. फोन पहिल्यांदा चुकून जोडला गेला असेल तर त्यात तिचा दोष नाही, परंतु हे वायफाय कोणाचे हे कळल्यानंतर तिने विचारायला हवे होते.

तेव्हा दोघांनीही त्यांच्याकडे जाऊन वायफाय उघडे आहे आणि आतापर्यंत आपण ते वापरले, हे स्पष्ट सांगावे. त्यांनाही धोका आहे, कारण पासवर्ड नसलेल्या नेटवर्कवर शिरलेल्या माणसाला घरातील प्रिंटर, कॅमेरा, प्रसंगी राउटरच्या सेटिंगपर्यंत पोहोचणे सोपे जाते. पुष्कळ राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क सुरू करता येते. त्याचा पासवर्ड मागावा आणि बिलाचा काही भाग आपण उचलू, असे आपणहून म्हणावे. त्यांनी नकार दिला तर राग न धरता ते नेटवर्क त्याच दिवशी फोनमधून काढून टाकावे आणि हायर सेकंडरीत किंवा जिथे रेंज मिळते तिथे व्हिडिओ आधीच उतरवून घेण्याची सोय करावी.