जुन्या सायकलीवर पंप कुठे बसवावा

जुनी सायकल हाती आली आणि तिच्यावर हवा भरायचा पंप कुठे बसवावा असे तुम्ही विचारलेत, हे उत्तमच. पण पंपासाठी घाईने क्लँप आवळू नका. आधी सीटखालच्या उभ्या नळीवर किंवा आडव्या दांडीखाली डाख दिलेल्या लहान खुंट्या आहेत का ते पाहावे, कारण त्या असल्यास मूळ जागा तीच, आणि पंप त्या दोन खुंट्यांमधील अंतर मोजूनच, पंपाची स्प्रिंग किंचित दबून बसेल एवढ्या लांबीचा घ्यावा. खुंट्या नसतील, तर आडव्या दांडीखाली बसवावा. हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीवर नको, कारण तिच्यालगत रॉड ब्रेकची सळई असते, शिवाय पावसाळ्यात आपली विदर्भातली काळी माती चाकावरून उडून तिथेच थापली जाते. माझा पहिला पंप असाच निकामी झाला. क्लँपखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, अन्यथा मूळ रंग खरवडला जातो. पंपाच्या आतल्या चामडी वॉशरची (हवा दाबणाऱ्या चकतीची) काळजी सध्या राहू द्या.