वाचकांचे प्रश्न : रिनेम केलं, तरी जुनं नाव कुठे उरतं?

प्रश्न : आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर जावावरून पायथॉन आणि त्याच्या जँगो या वेब फ्रेमवर्कवर आलं. इंटेलिजे या कोड एडिटरमध्ये शिफ्ट-एफ६ दाबलं की मेथडचं नाव सगळीकडे बदलायचं. इथे ‘टोटल’चं ‘नेट टोटल’ केलं, सगळ्या टेस्ट पास झाल्या, पण लाइव्ह गेल्यावर एका ठिकाणी अ‍ॅट्रिब्यूट एरर (ते नाव इथे नाही अशी चूक) आली आणि छापील बिलावर रकमेची जागा कोरी राहिली. टूल खराब आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : टूल ठीक आहे, पण त्याला जेवढं सिद्ध करता येतं तेवढंच ते बदलतं. रिनेम करताना टूल प्रत्येक नाव कुठल्या व्याख्येकडे जातं ते शोधतं. जावात टाइप (वस्तू कुठल्या प्रकारची आहे ते) कोडमधूनच कळतो, त्यामुळे उत्तर पक्कं मिळतं. पायथॉनच्या फंक्शनला ‘डॉक’ हे पॅरामीटर टाइपशिवाय आलं, तर ‘डॉक डॉट टोटल’मधला डॉक इनव्हॉइस आहे की कोटेशन, हे कोड चालेपर्यंत ठरत नाही. मग टूल ती ओळ सोडून देतं किंवा अंदाज बांधतं. एरर आली ती बहुधा अशाच ओळीवर.

कोऱ्या जागेचं कारण वेगळं. जँगोच्या टेम्प्लेटमध्ये (बिल छापायच्या साच्यात) नाव सापडलं नाही तर एरर येत नाही, रिकामी स्ट्रिंग छापली जाते. टेस्टचं म्हणाल, तर त्यांत साधा मॉक (खऱ्या ऑब्जेक्टच्या जागचा नकली) असणार. मॉक कुठल्याही नावाला हो म्हणतो, म्हणून जुनं नाव असलेली टेस्टही पास होते. तिथे ऑटोस्पेक, म्हणजे खऱ्या क्लासच्या नमुन्यावर बेतलेला मॉक, वापरा. खऱ्या क्लासमध्ये नसलेलं नाव आलं की टेस्ट पडेल.

पुढच्या वेळी आधी त्या मेथडच्या आसपासच्या फंक्शनांना टाइप द्या आणि मायपाय हा टाइप तपासणारा प्रोग्रॅम चालवा. टाइप नसलेल्या फंक्शनच्या आत मायपाय एरवी बघतच नाही, म्हणून ‘डिसअलाउ अनटाइप्ड डेफ्स’ चालू करा. मग रिनेम. त्यानंतर जुनं नाव रिपग्रेप या शोधायच्या टूलने सगळ्या रेपोत (प्रोजेक्टच्या सगळ्या फायलींत) शोधा. टेम्प्लेट, एसक्यूएल, कॉन्फिग, काही वगळू नका. जुनी मेथड लगेच काढू नका. ती नव्या मेथडला कॉल करेल आणि स्टॅकसकट (कॉल कुठून आला त्यासकट) लॉगमध्ये नोंद करेल एवढंच ठेवा. ‘हे जुनं झालं’ सांगणाऱ्या डेप्रिकेशन वॉर्निंगवर विसंबू नका, पायथॉन ती एरवी बहुतेक ठिकाणी दाखवतच नाही. महिनाअखेरची कामं होऊन गेली आणि लॉग रिकामा राहिला, की मगच जुनी मेथड काढा.

जावातही एक जागा सांभाळावी लागते. जॅक्सन ही लायब्ररी गेटरच्या (किंमत परत देणाऱ्या मेथडच्या) नावावरून जेसन या डेटा फॉरमॅटमधली की बनवते. गेटर बदलला की की बदलते आणि मोबाइल अ‍ॅपला जुनं फील्ड मिळत नाही. रिनेमआधी जेसन प्रॉपर्टी अ‍ॅनोटेशनमध्ये जुनं नाव लिहून ठेवा.

प्रश्न : सी प्लस प्लसमध्ये तर सगळे टाइप लिहिलेले असतात. तरी लिनक्सवर क्लँगडी या कोड समजून घेणाऱ्या टूलने रिनेम केल्यावर विंडोजचं बिल्ड का तुटतं? — एक वाचक, पुणे

उत्तर : इफडेफमुळे, म्हणजे प्लॅटफॉर्मनुसार कोडचा भाग निवडणाऱ्या अटींमुळे. ‘कंपाइल कमांड्स डॉट जेसन’ या फाइलमध्ये कंपायलरची जी फ्लॅग्ज आहेत, त्यांनी जो कोड उरतो तेवढाच क्लँगडीला कळतो. विंडोजची बाजू प्रीप्रोसेसरने (कंपाइलआधीच्या पायरीने) आधीच वगळलेली असते. दोन तुकडे जोडून नाव तयार करणारे मॅक्रो तर साध्या शोधातही सापडत नाहीत. दोन्ही बिल्ड सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) चालवल्याशिवाय रिनेम मर्ज करू नका. सीमेक हे बिल्ड टूल ‘कंपाइल कमांड्स’ची फाइल फक्त मेकफाइल आणि निंजा जनरेटरसाठी बनवतं, म्हणून विंडोजवर निंजा निवडा. क्लँगडीचं इंडेक्सिंग पूर्ण होईपर्यंत थांबाही, नाहीतर न उघडलेल्या फायली सुटतात.

प्रश्न : नाव तेच राहून फक्त आर्ग्युमेंटचा क्रम बदलायचा आहे, तोही शेकडो फायलींत. — एक वाचक, ठाणे

उत्तर : छोटा कोडमॉड (कोड आपोआप बदलणारा प्रोग्रॅम) लिहा : जावास्क्रिप्टला जेएसकोडशिफ्ट, जावाला ओपनरीराइट, पायथॉनला लिबसीएसटी. पायथॉनच्या स्वतःच्या एएसटी मॉड्यूलने फाइल परत लिहिली तर कॉमेंट उडतात. लिबसीएसटी त्या जपतं. आधी दहा फायलींवर चालवून डिफ (आधीच्या-नंतरच्या कोडमधला फरक) डोळ्यांनी वाचा, विशेषतः नाव देऊन पाठवलेली आर्ग्युमेंट. कोडमॉडचा कमिट वेगळा ठेवा, त्यात दुसरा एकही बदल नको. त्याचा हॅश गिटच्या ‘ब्लेम इग्नोर रेव्ज’ फाइलमध्ये टाका, म्हणजे गिट ब्लेममध्ये ओळ मुळात कोणी लिहिली ते दिसत राहील. ही सोय गिट २.२३ पासून आहे.