सातवा होस्ट करण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

अर्बियमच्या प्रकाशावरून तापमान मोजणाऱ्या तुझ्या पावडरींचे आलेख मिळाले. सहावा होस्ट (अर्बियम ज्यात मिसळतं तो स्फटिक) झाला, तरी 300 केल्विनला सापेक्ष संवेदनशीलता, म्हणजे दोन हिरव्या पट्ट्यांचं गुणोत्तर किती बदलतं ते, अंशामागे 1.1 टक्क्याच्या आसपासच घुटमळते म्हणून हिरमुसली आहेस. अगं, ती बदलणार कशी? अर्बियमच्या 525 आणि 545 नॅनोमीटरच्या हिरव्या पट्ट्या ज्या दोन पातळ्यांतून निघतात, त्यांच्यातलं ऊर्जेचं अंतर 700-800 प्रतिसेंटिमीटर. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा त्याच एककात साधारण 208. म्हणून खालच्या पातळीतले थोडे आयन वर चढतात, तापवलं की आणखी चढतात, आणि 525ची पट्टी 545च्या मानाने उजळते. संवेदनशीलता या अंतरावरच ठरते, आणि प्रकाश देणारे 4f इलेक्ट्रॉन बाहेरच्या 5s-5p कवचांच्या आत दडलेले असल्याने होस्ट बदलला तरी ते फारसं हलत नाही. होस्टचा स्वभावच वाचायचा असेल तर युरोपियम घाल. त्याची जागा सममित असेल तर 590ची नारिंगी रेषा वरचढ, नसेल तर 611च्या आसपासची लाल. सीएफएल दिव्यांमधला लाल रंग यिट्रियम ऑक्साइडमधल्या युरोपियमचाच.

तेव्हा सातवी पावडर खलात घालू नकोस. मला काळजी आहे ती तुझ्या क्ष-अक्षाची. त्यावरचं तापमान पावडरचं आहे की थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचं?

मी स्वतः यात सहा महिने घालवले आहेत. थर्मोकपल खालच्या प्लेटला चिकटवलेलं, पीक उंच दिसावं म्हणून 980 नॅनोमीटरचा लेझर भरपूर वाढवलेला. सोबत मिसळलेलं यटर्बियम तो प्रकाश गिळून अर्बियमला देतं खरं, पण सगळा देत नाही. उरलेल्याची उष्णता होते. सुटी पावडर उष्णता पटकन वाहून नेत नाही. प्लेट थंड, ठिपका गरम, आणि मी भोळा, तो आलेख मार्गदर्शकांना कौतुकाने दाखवत होतो.

उद्या हीटर बंदच ठेव. लेझरची शक्ती पायरीपायरीने वाढव आणि दोन पट्ट्यांचं गुणोत्तर वहीत लिही. ते शक्तीबरोबर चढलं, तर लेझरच नमुना तापवतोय. रेषा शून्य शक्तीपर्यंत मागे ने. खोलीच्या तापमानाचं खरं गुणोत्तर तिथे सापडेल. जास्त शक्तीला 555च्या आसपास आणखी वरच्या पातळीचा प्रकाश 545च्या पट्टीत मिसळतो, तोही बघ. मग तापवताना आणि थंड होताना, दोन्ही वेळा मोज, एकाच पेलेटवर (दाबलेल्या पावडरच्या वडीवर) पाच-सहा फेऱ्या.

आणि हिशेब मांड: गुणोत्तरात 1 टक्का चूक म्हणजे जवळजवळ 0.9 अंशाची चूक. तुझी आजची चूक किती, हे मला एकाही आलेखावर दिसलं नाही. पेपरच्या परीक्षकालाही दिसणार नाही.

दिवाळीत येशील तेव्हा वही आण. लॅपटॉप राहू दे.

तुझा,
सर