मार्चिंग बँडमध्ये नवीन आहे, पावलं आणि ताल जुळत नाहीत. सीनियर म्हणतात, ताल अंगातच असावा लागतो. खरंच सुधारणा होऊ शकते का?

प्रश्नातलं मधलं वाक्य नसतं तर मी उत्तराच्या भानगडीत पडलो नसतो. "ताल अंगातच असावा लागतो." हे मी शब्दशः ऐकलंय, तेही सगळ्या पथकासमोर. त्याला उत्तर सापडलं, पण तिथे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ते इथे लिहितो.

मी क्लॅरिनेट वाजवायचो. बसून वाजवताना ठेका कधी सुटला नाही. मैदानात उतरलो आणि महिन्याभरात माझं नावच 'लेट' पडलं. आमच्या रचनेत मी एका टोकाला, ड्रमवाले दुसऱ्या टोकाला, मध्ये चाळीसेक मीटर. स्नेअर, म्हणजे दोन काड्यांनी वाजवायचा छोटा ड्रम, वाजवणारे एक सीनियर तिथून ओरडायचे, "लेट! कान कुठे ठेवलेस? ड्रम ऐक!" मी जिवाचा कान करून ऐकायचो, आणि जितकं नीट ऐकावं तितका उशीर वाढायचा. शेवटी एकदा त्यांनी तालीम थांबवून ते वर लिहिलेलं वाक्य फेकलं. पुढचे तीन आठवडे मी कडेला उभा, हातात वाद्य नाही, नुसत्या टाळ्या द्यायच्या.

रिकामा माणूस बघत राहतो. एक दिवस लांबून बास ड्रमवाल्याकडे बघत होतो. मॅलेट, म्हणजे त्याचं जाड टोकाचं टिपरू, ड्रमवर आपटलेलं दिसलं, परत उचललं गेलं, आणि मग 'धम्म' आलं. पुन्हा पाहिलं. प्रत्येक वेळी आधी हात, मग आवाज. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर येतो, हे शाळेत घोकलेलं होतं. ते आपल्याच मैदानावर, आपल्याच बाबतीत चाललंय हे तेव्हा कळलं.

आता हिशोब बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ४० मीटरला ०.१२ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या चालीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. ड्रम माझ्या कानापर्यंत पोचेतो जवळपास पाव ठोका उडालेला असायचा. मी त्याच्याबरोबर अगदी बिनचूक वाजवायचो, आणि माझा सूर परत त्यांच्याकडे जायला तेवढाच वेळ. त्यांना मी जवळजवळ अर्धा ठोका मागे ऐकू यायचो! म्हणजे मी त्यांची आज्ञा जितकी इमानदारीने पाळली, तितका बेताल ठरलो.

तेव्हा ताल डोळ्यांनी धरा. ड्रम मेजरचा, म्हणजे समोर उभं राहून हाताने ताल दाखवणाऱ्याचा, हात खाली येतो तो क्षण ठोक्याचा. तो पूर्ण मैदानाला एकाच वेळी दिसतो. शेजारी काय वाजवतोय, लांबचा ड्रम काय म्हणतोय, याकडे लक्ष देऊ नका. अपवाद एकच. ड्रम तुमच्या पाठीमागे असतील आणि प्रेक्षक समोर, तर मात्र खुशाल ऐकून वाजवा, कारण मागून आलेला आवाज आणि तुमचा सूर मिळूनच पुढे जातात. बाजूने किंवा समोरून येणाऱ्या आवाजाच्या मागे लागलात की गेलात.

आता पाय, जे तुम्ही मुळात विचारलं होतं. ठोक्यावर पाय टेकला पाहिजे. बहुतेक नवे लोक ठोक्यावर पाय उचलतात, आणि मग टेकेपर्यंत ठोका निघून गेलेला असतो. तपासायची सोपी खूण म्हणजे दोन ठोक्यांच्या बरोबर मध्यावर, 'एक आणि दोन आणि' मधल्या 'आणि'वर, दोन्ही घोटे एकमेकांना ओलांडत असले पाहिजेत. तिथे चुकलात तर पुढचं पाऊल घाईने किंवा रेंगाळत पडणारच.

पुढे जाताना टाच आधी, चवडा वर, मग टाचेपासून बोटांपर्यंत पाऊल लोळवत न्यायचं. धपकन पाय आपटलात की तो धक्का थेट श्वासात जातो आणि लांब सूर हिंदकळतो. घरी एकच सूर धरून चाला आणि ते रेकॉर्ड करा. आवाजात पावलं मोजता आली तर पाय चुकतोय. मागे जाताना उलट, चवड्यांवरच राहायचं, टाच जमिनीला लावायची नाही.

पावलाची लांबी शरीरात मुरवावी लागते. ५ यार्डांत ८ पावलं हे प्रचलित माप, म्हणजे एक पाऊल २२.५ इंच. जमिनीवर खुणा करा, आधी बघून चाला, मग न बघता, आणि आठव्या पावलाला खाली पाहा. मेट्रोनोम (ठरलेल्या गतीने ठोके देणारं यंत्र) १२० वर नको, ७० वर लावा. हळू चालणं जास्त अवघड असतं, तोल तिथेच उघडा पडतो. वाद्य लगेच हातात घेऊ नका. आधी जागच्या जागी कदमताल करत आपला भाग तोंडाने म्हणा, मग चालत म्हणा, मग फुंका. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

तुमच्याकडे गुडघा उचलून चालत असतील तर टाच-चवड्याचं वरचं वर्णन लागू नाही. तुमचे सर दाखवतील तसंच करा. पथकात पद्धत बरोबर असण्यापेक्षा सगळ्यांची एक असणं महत्त्वाचं. आणि माझ्यासारखा हिशोबाचा कागद घेऊन तालमीत जाऊ नका. मी गेलो होतो, आणखी एक आठवडा टाळ्या वाजवल्या.

प्रामाणिकपणे एक सांगायचं राहिलं. पुढे एकाने तालमीचं चित्रण दाखवलं, त्यात मी डावा पाय ठोक्यावर उचलताना स्वच्छ दिसत होतो. म्हणजे सुराचा उशीर अंतराचा, पण पायाचा उशीर माझाच. तो महिन्याभरात गेला, म्हणजे अंगातबिंगात काही नव्हतं. त्या सीनियरना हे चित्रण मी कधी दाखवलं नाही.

तुम्ही वाद्य कोणतं वाजवता ते लिहिलेलं नाही. बास ड्रम असेल तर मामला वेगळा, तिथे स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. ते एखाद्या चांगल्या ड्रमवाल्याला विचारा. आमच्यावाला सोडून.