समुद्रात गळाला लागलेला मासा ठेवावा की परत सोडून द्यावा? सोडलेला मासा खरंच जगतो का?

प्रश्नाचा दुसरा भाग विचारणारं कुणीतरी मला सात वर्षांनी भेटलं. आमच्याकडे हा प्रश्न विचारायची सोय नाही, कारण आमच्या साडूंच्या हॉलमध्ये एका सोडलेल्या माशाचा फोटो लावलेला आहे. चांगला फ्रेम करून. मासा मी पकडलेला, फोटोत उभे साडू. खाली बारीक अक्षरात एकच शब्द: ‘सोडला’.

आधी थेट उत्तर देऊन टाकतो, नाहीतर राहून जाईल. उथळ पाण्यातला, ओठाला गळ लागलेला, झटपट वर घेतलेला आणि पाण्याबाहेर फार न ठेवलेला मासा बहुतेक वेळा जगतो. खोल पाण्यातून ओढलेला, गळ पोटापर्यंत गिळलेला किंवा फोटोसाठी मिरवलेला मासा बऱ्याचदा मरतो, फक्त तुमच्या डोळ्यांदेखत मरत नाही. तेव्हा ठेवायचा की सोडायचा हे मासा बोटीत आल्यावर ठरवायचंच नसतं. गळ पाण्यात टाकायच्या आधी ठरवायचं असतं.

आता तो फोटो.

त्या सुमारास साडूंना ‘पकडा आणि सोडा’चं वेड लागलं होतं. त्याआधीची पंधरा वर्षं त्यांनी बोटभर मासळीसुद्धा कधी सोडली नव्हती, हे नोंदवून ठेवतो. पण एकदा वेड लागल्यावर जो मासा घरी नेतो तो हावरट, आणि जो सोडतो तो सुसंस्कृत, असा सरळ हिशेब झाला. मी बर्फाची पेटी घेऊन येतो म्हणून सासऱ्यांसमोर माझं नाव ‘पेटीवाला’ पडलं. साडू थोरले जावई. सासरे त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात. मीही शेवटी म्हटलं, चला, सोडून बघू.

त्या दिवशी सकाळी खडकांच्या कडेला, जेमतेम पाच-सहा मीटर पाण्यात, मी चार तांबोश्या पकडल्या. हाताच्या पंजाएवढ्या. चारही सोडल्या, आणि चारही अशा सुसाट गेल्या की मला स्वतःचाच अभिमान वाटला. दुपारी तांडेलाने बोट चाळीस मीटरवर नेली. तिथे हेकरू लागला. सुरुवातीला त्याने खाली अशी धडक मारली की काठीचा शेंडा पाण्यात गेला. दहा मिनिटं कुस्ती. मग अर्ध्या वाटेवर आल्यावर तो एकाएकी हलका लागायला लागला. मला वाटलं, दमला.

दमला नव्हता. फुगला होता.

वर आला तेव्हा पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, डोळे गोट्यांसारखे खोबणीबाहेर, आणि तोंडातून एक गुलाबी, ओलसर, मुठीएवढा फुगा बाहेर आलेला. साडू म्हणाले, “अरे, जीभ काढून दाखवतोय बघ!” मी गळ काढेपर्यंत त्यांनी तो कल्ल्याखाली बोटं घालून उभा उचलला. सातआठ किलोचं धूड, सगळं वजन जबड्यावर. पहिला फोटो उन्हाविरुद्ध आला. दुसऱ्यात साडूंचे डोळे मिटलेले. तिसऱ्याला सासऱ्यांना बटण सापडेना. घरी आल्यावर मी फोनमधल्या वेळा तपासल्या. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत साडेतीन मिनिटं होतात. दहा मिनिटं कुस्ती खेळून लगेच साडेतीन मिनिटं श्वास रोखून बघा, जमतंय का.

मग साडूंना आठवलं की अशा माशातली हवा काढावी लागते. कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं म्हणे. “टोच त्याला, टोच. हवा जाऊ दे.” आणि मी, पेटीवाला, आज्ञाधारकपणे सुरीच्या टोकाने तो गुलाबी फुगा टोचला. साडूंनी मासा पाण्यात ठेवला. तो उलटा झाला. शेपटीने तीनदा पाणी मारलं, हातभर खाली गेला आणि बुचासारखा परत वर आला. पुन्हा गेला, पुन्हा वर. तांडेलाने बोट वळवली, मासा ओढून घ्यायचा आकडा हातात घेतला आणि विचारलं, “घेऊ का?”

साडू म्हणाले, “नाही. सोडला म्हणजे सोडला.” सासऱ्यांनी मान डोलावली. तोपर्यंत समुद्रपक्षी जमले होते. त्यांनी डोळ्यापासून सुरुवात केली.

मी टोचलं ती जीभ नव्हती आणि हवेची पिशवीही नव्हती. ते त्याचं जठर होतं.

पाण्यात दर दहा मीटरला दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाएवढा वाढतो. चाळीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट असतो, म्हणजे माशाच्या पोटात तरंगण्यासाठी जी हवेची पिशवी असते तिच्यातली हवा वर येईपर्यंत पाचपट फुगते. हेकरू, तांबोशी यांच्या त्या पिशवीतून तोंडाकडे वाटच नसते. ढेकर देऊन मोकळं व्हायची सोय नाही, हवा रक्तात मुरूनच कमी होणार, आणि त्याला वेळ लागतो. मग फुगलेली किंवा फाटलेली पिशवी आतडी ढकलते, जठर उलटं होऊन तोंडातून बाहेर येतं, डोळे बाहेर येतात. मुशीला, म्हणजे शार्कला, ही पिशवीच नसते, म्हणून तिचं असं होत नाही. (तिच्या वेगळ्या तऱ्हा आहेत. शेपटीला धरून उलटी टांगली की आतले अवयव स्वतःच्याच वजनाने दुखावतात.)

यावरचा खरा उपाय टोचणं नाही, माशाला परत खाली पोचवणं आहे. बोथट चिमट्याने जबडा धरून वजनाच्या दोरीबरोबर खाली न्यायचा, तळाजवळ झटका देऊन सोडवायचा. किंवा भोकांची क्रेट उलटी करून, वजन बांधून, तिच्याखाली मासा घालून खाली सोडायची. दाब परत आला की हवा आक्रसते आणि मासा आपला आपण निघून जातो. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकाळ तळाचे मासे पकडायला जाणाऱ्या बोटींवर असं साधन किंवा हवा काढायची पोकळ सुई हाताशी असणं 2022 मध्ये कायद्याने सक्तीचं केलं गेलं. सुईसुद्धा बाजूच्या पराच्या मागे, खवल्याखालून, तिरकी घालायची असते, आणि ती शिकलेल्या हाताने. तोंडातून आलेल्या फुग्यात कधीच नाही.

हे सगळं मी त्यानंतर वाचलं. साडूंनी अजून वाचलेलं नाही.

त्यांचा आवडता मुद्दा असतो की प्रगत देशांत सगळे सोडतात. जर्मनीत सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देणं कायद्यात बसत नाही, आणि फक्त सोडायच्या हेतूने, मजेखातर मासा पकडणं हे तिथे सबळ कारण धरलं जात नाही. स्वित्झर्लंडमध्येही सोडायचं आधीच ठरवून गळ टाकायला बंदी आहे. लहान किंवा बंदी असलेला मासा सोडावाच लागतो, तो भाग वेगळा. मला ते कायदे पूर्ण पटतात असं नाही, पण तिथे आमचे साडू सुसंस्कृत न ठरता गुन्हेगार ठरले असते, एवढं मनात येऊन बरं वाटतं.

एका बाबतीत मात्र साडू बरोबर आहेत, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही. मोठा मासा सोडण्यात अर्थ आहे. मेक्सिकोच्या आखातातल्या लाल तांबोशीचा हिशेब प्रसिद्ध आहे: 61 सेंटीमीटरची एक मादी जेवढी अंडी घालते तेवढ्यासाठी 42 सेंटीमीटरच्या 212 माद्या लागतात. जिताडा तर नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे जिताडे उचलले की माद्याच उचलल्या. म्हणून ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला जिताड्याची खालची मर्यादा 58 सेंटीमीटर आहे, तशी वरचीही आहे, 120. त्या दोन्हींच्या मधलाच ठेवायचा. हेकरूचं उलटं, तो आधी मादी असतो आणि मोठेपणी त्यातले काही नर होतात. तिथे मोठे काढले की नर संपतात. पण ‘मोठा सोडावा’ हा नियम सोडलेला मासा जगणार असेल तरच कामाचा. पक्ष्यांनी खाल्लेली मादी 212 माद्यांएवढी काय, एकही अंडं घालत नाही.

तेव्हा माझं मत असं. खोल पाण्यात गळ टाकायचा असेल तर घरी न्यायच्या तयारीनेच टाकावा, लागेल तेवढे मिळाले की गळ गुंडाळून जागा सोडावी. ‘मला पुरे झालं, आता गंमत म्हणून पकडतो आणि सोडतो’ हे चाळीस मीटरवर चालत नाही. सोडायची हौस असेल त्याने उथळ पाण्यात जावं, आणि गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकावा. जिवंत किंवा कापलेलं आमिष लावणार असाल तर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ, वापरा, तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. फक्त त्याला झटका मारायचा नसतो, नुसतं रीळ फिरवत राहायचं. जुन्या हातांना हे जमायला वेळ लागतो. मलाही लागला. गळ गिळलाच असेल तर ओढून काढू नका, दोरी तोंडाजवळ कापा. पोटातला गळ ओढून काढण्यापेक्षा आत राहिलेल्या गळासह मासा जगण्याची शक्यता जास्त असते.

हलक्या दोरीवर तासभर खेळवून मग ‘जा बाळा’ म्हणत सोडणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. म्हणजे बोलतोच. तो मासा दमून मेला असतो, फक्त त्याला कळायला थोडा वेळ लागतो. मासा पोहत गेला म्हणजे जगला असं नाही. काही तासांनी, दोन दिवसांनीही मरतो, आणि वाटेत मुशी टपलेलीच असते. जाड दोरी लावा, लवकर आत घ्या. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरलात तर अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि तोच त्याचं रक्षण करत असतो. पोटाखाली हात द्या. गळ पाण्यातच काढता आला तर सगळ्यात उत्तम. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा आणि तो सासऱ्यांकडे देऊ नका.

ठेवणाऱ्यांनाही सोडत नाही. बादलीत मासा ठेवायचा, तासाभराने मोठा मिळाला की आधीचा अर्धमेला सोडून द्यायचा, हे मला सगळ्यात घाणेरडं वाटतं. ठेवला तर ठेवला. लगेच डोक्यात टोच मारून संपवा, कल्ले कापून रक्त काढा, आणि बर्फ व समुद्राचं पाणी एकत्र करून त्यात बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवण्यापेक्षा तो लवकर गार होतो. ट्यूना, बांगडा असल्या माशांना उन्हात पडू दिलं तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि मग कितीही शिजवलं तरी ते जात नाही. मासा उन्हात फडफडत मरू देणारा पेटीवाला आणि आमचे साडू यांच्यात मला फरक दिसत नाही.

राहिलेलं: तुम्ही जिथे मासे पकडता तिथल्या लांबीच्या, संख्येच्या आणि बंदीच्या काळाच्या नियमांपुढे माझं मत शून्य. सोडायला सांगितलेला मासा मेलेला दिसला तरी सोडावाच लागतो, मग तांडेल आकडा घेऊन उभा असला तरीही. त्या दिवशी आमच्या हेकरूला अशी कुठलीच बंदी नव्हती. आणि प्रवाळाच्या भागातला फार मोठा हेकरू किंवा बॅराकुडा खाण्यासाठी ठेवू नका. त्यात सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं, तेही शिजवून जात नाही. हे मी वर लिहायला हवं होतं, पण तो फोटो मधे आला.

गेल्या महिन्यात साडूंकडे गेलो होतो. एक पाहुणे फ्रेमसमोर उभे राहिले. साडूंनी गोष्ट सांगितली, नेहमीची, पक्ष्यांशिवायची. पाहुण्यांनी चष्मा वर केला, फोटोजवळ वाकले आणि म्हणाले, “बापरे, जीभ केवढी असते हो याची?”

साडू म्हणाले, “मोठ्या माशाची असते तशी.”

सासऱ्यांनी मान डोलावली.