लॉनवर वाद्यवृंद ठरवताय? आधी हे वाचा

ताई, लग्नासाठी ठाण्यातल्या घोडबंदर रोडला लॉन घेताय ना, मग गायकाच्या आधी घड्याळ बघा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद म्हणजे बंद. दिवसाही पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. ती कोण काढणार, लॉनवाला की तुम्ही, हे बयाणा देण्याआधीच विचारा. १०० मीटरच्या आत रुग्णालय किंवा शाळा असेल तर ते शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे फारच जपून.

आमच्या पुतणीच्या संगीतला वादक साडेनऊला उगवले, साउंड चेकमध्येच वेळ गेला! म्हणून सहाची वेळ द्या, ड्रमसेटऐवजी ढोलकी-कहोन (हातानं वाजवायची लाकडी पेटी) सांगा. मुहूर्ताला सनई-चौघडा. मांडव लहान असेल तर माइकही नको, आणि खरं सांगू, शोभतंही तेच.